पिंकीच्या रिपोर्टवरचा लाल बाण

...नाई, मी म्हणतो, छापायचाच कायले तो बाण? आकडा छापा अन् चुपचाप बसा! पण नाई, लॅबवाल्यानं आमच्या पिंकीच्या रिपोर्टवर आकड्याच्या बाजूले लाल बाण मारला, तोंड वर करून, अन् अख्खं मनीषनगर... बरं अख्खं नाई, आमची बिल्डिंग... आठ दिवस जमिनीवर आली नाई!

तुम्हाले सांगतो, सुरुवात झाली गुडघ्यापासून. आमची पोट्टी, पिंकी, नऊ वर्षांची, एक दिवस म्हणे, "बाबा, गुडघा दुखून राहिला." आता सरळ माणूस काय करते? डॉक्टरले दाखवते. पण आमच्या घरी साळा आहे ना, विक्की! औषधाच्या कंपनीत सेल्सले आहे, म्हणजे स्वतःले अर्धा डॉक्टरच समजते. तो म्हणे, "भाऊजी, डॉक्टर टेस्टच लिहून देते ना? मग आपण टेस्ट करूनच जाऊ, एक चक्कर वाचते!" अन् मलेही पटलं! चक्कर वाचते म्हटलं की नागपूरच्या माणसाले काहीही पटते, ऊन आठवते ना त्याले!

रिपोर्ट आला. एएसओ. म्हणजे घशाच्या जंतूंशी अंग लढलं की रक्तात जे मागं राहते, ते. आकडा तीनशे दहा. खाली बारीक अक्षरात, नॉर्मल दोनशेच्या आत. अन् बाण वर! विक्कीनं मोबाइल काढला, दोन मिनिटं वाचलं, चेहरा पाडला. "भाऊजी, संधिवाताचा ताप. लहान पोट्ट्यांले होते. सांध्यातून निघते अन् हृदयाची झडप धरते."

झडप! तिथंच पोट्टीच्या छातीले कान लावला, तर ती खिदळते, "बाबा, गुदगुल्या होऊन राहिल्या!" ताप नाई, सूज नाई, वरून खिदळून राहिली... पण बाण वर होता ना!

मग आमची बायको, प्रीती, लागली कामाले. खो-खो बंद! पुढच्या आठवड्यात शाळेची मॅच, पोट्टी टीममध्ये, रडून रडून तिचे डोळे सुजले, गुडघा नाई सुजला! सायकल बंद, पळणं बंद. तिसऱ्या माळ्यावरून रोज मी कडेवर उतरवून राहिलो, माझी कंबर गेली, माझा रिपोर्ट कोण काढते? चालू काय ठेवलं? अबॅकसचा क्लास! "तो बसूनच असते नं, हृदयाले जोर नाई पडत!"

बाजूच्या प्रेमलता वहिनी घाबरल्या. "अगं बाई, आमचा अर्णव तिच्यासोबतच खेळते!" नेला त्याले लॅबमध्ये. आता हा अर्णव जिना कधी उतरतच नाई, कठड्यावरून घसरते! त्याचा आकडा? तीनशे ऐंशी! बाण वर! मग खालचे जुळे, मग वरचे तिघं... बिल्डिंगमधले सात पोट्टे, सातही धडधाकट, साताचे सात बाण वर! ग्रुपवर कोणी म्हणे टाकीतलं पाणी, तर टाकी दोनदा धुतली. कोणी म्हणे मोबाइलचा टॉवर. सेक्रेटरी म्हणे कबुतरं! म्हटलं, अहो, कबुतरं तर दहा वर्षांपासून आहेत... पण ऐकते कोण? बाण वर होता ना!

शेवटी निघाली वरात सक्करदऱ्याले, पोट्ट्यांच्या डॉक्टर मुग्धा मॅडमकडे. सात पोट्टे, सात रिपोर्ट, अन् विक्की. तो कायले? मॅडमले समजावून सांगाले!

मॅडमनं रिपोर्ट बाजूले ठेवले. पाहिलेही नाई हो! "मॅडम, बाण..." "अहो, आधी मुलगी बघू द्या." गुडघा दाबला, घोटा फिरवला, घसा पाहिला, छातीवर नळी ठेवली. अन् ठेवली ती ठेवलीच! तुम्हाले सांगतो, आपल्या लेकराची छाती डॉक्टर ऐकून राहिली अन् आपण तिच्या तोंडाकडे पाहून राहिलो, अशी वेळ दुश्मनावरही येऊ नये. मी तिथं रडलो असतो.

"स्वच्छ आहे आवाज," मॅडम म्हणे. मग पिंकीले विचारलं, "खो-खो खेळताना दुखतो का गुडघा?"

"नाई."

"सायकल चालवताना?"

"नाई."

"मग कधी?"

पोट्टीनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अबॅकसचा जिना चढताना."

आठ दिवसांत हे आम्ही कोणी विचारलंच नाई! कायले विचारतो? बाण वर होता ना!

मॅडम अशा हसल्या! बाकीचे सहाही तपासले, मग कुठं रिपोर्ट चाळले. म्हणे, "अहो, शाळेतल्या मुलांचे घसे सारखे धरतात, त्यांचा हा आकडा मोठ्यांपेक्षा जास्तच असतो. खाली छापलंय ते मोठ्या माणसाचं. तुमचा शर्ट हिला घातला तर पोरगी वाळली म्हणाल का? सात धडधाकट मुलं, सातही वर, आता तरी पटलं? नुसत्या आकड्यावर हा आजार ठरत नाही." अन् मग एकदम हसणं बंद. "सांधा सुजून लाल झाला असता, आज गुडघा उद्या घोटा, अंगात ताप, हृदयाचा आवाज बदललेला, तर मी हसले नसते. मग वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. घसा दुखून ताप आला की लगेच या. लॅबमध्ये नाही, इथे!" विक्की तेव्हा भिंतीवरचं लसीकरणाचं कॅलेंडर वाचून राहिला होता.

पोट्टी जिना उड्या मारत चढली हो! मॅचही खेळली. मी म्हटलं, सुटलो. जेवाले बसलो, तर प्रीती सातही रिपोर्ट पसरून बसलेली, चेहरा उतरलेला. माझा घास हातातच. "आता काय झालं वं?"

"अहो, अर्णवचे तीनशे ऐंशी. जुळ्यांचे साडेतीनशेच्या वर. सगळ्यांत कमी आपल्या पिंकीचेच! अबॅकसमध्येही मागं, इथंही मागं... तुम्ही तिच्याकडे लक्षच देत नाई!"

आता सांगा, काय बोलता? मी म्हटलं, जाऊ दे वं... बाण तर वर आहे ना!