पंप का तापतो ते सासूला सांगा

— सावकाश करा की वो मेस्त्री, निपाणीस्नं आलाय, दम खावा, नदी काय पळून जातीया व्हय? मी कोण? मी सोनुबाई, शेजारीण. ह्या नावंच्या मालकाच्या, परशरामच्या, घराला नि आमच्या घराला मधी एकच भिंत — भिंतीला कान नसत्यात, मला हाईत. आवो, हात नका लावू, पोळंल! बघिटलं? ह्योच त्यो पंप. शाऐंशीत वल्ही काढून भंगारातल्या मोटारीचं इंजान बसवलं, तवा त्येच्यासंगंच आला. टाकीतलं पेट्रोल ओढायचं नि इंजानाला द्यायचं, एवढंच काम त्येला — पर आता नदीच्या मधी आलं की तव्यागत तापतोय नि नाव हुबी! कवापासनं म्हंता? परशराम्याचं लगीन झालं तवापासनं. वायर बदलली, बॅटरी बदलली, पंपावर ओलं पोतं गुंडाळलं, शेवटाला पंपच नवा आणला — त्योबी तापला, म्हणून ह्यो जुनाच परत बसवला. मग त्येच्या आईनं, राजाबाईनं, रोग हुडकला — सुनंचा पायगुण वाईट! झालं. घरात एवढी मोठी इंजिनेर बाई असताना तुमाला कशाला बोलवलं कुणास ठाऊक.

कशाला म्हंजे? सुनंला म्हायेरला घालवायला नाव नको व्हय? ती बघा, टोकाला ट्रंकंवर बसलीया, नागू. म्हायेर दूधगंगंच्या पलीकडं. तुमी पंप दुरुस्त केला की पोरगी गेली — कायमची. म्हणून म्हंते, सावकाश. च्या आणू? नवरा? त्यो काय बोलतोय! आईनं मान हालीव म्हटलं की हालवतोय. पोरगी रातचं मुसमुसती, मला ऐकू येतंय — म्हंजे मी काय मुद्दाम कान लावून बसत न्हाय, माझी खाटच त्या भिंतीला हाय — आता खाट मीच सरकवली, ते सोडा.

टोपण का उघडालाय? पेट्रोल हाय की भरपूर — अगं बाई! हुस्स केलं की वो टाकीनं! काय म्हंता? टोपणाला बारीक भोक असतंय? पेट्रोल कमी हुईल तशी आत हवा जायाला? आणि ते मुजलंय म्हंता? म्हंजे हवा न्हाय म्हणून पेट्रोल येत न्हाय, ह्यो बापडा नुसता ओढतोय, ओढतोय — मग तापंल न्हाय तर काय करंल! बघू, कशानं मुजलंय? पिवळं... आवो, ह्यो तर मायाक्कादेवीचा भंडारा, हळद! लग्नादिवशी नाव पुजली तवा राजाबाईनंच तेलात कालवून थापला, बोटभर जाड. देवाचा म्हणून पुसंल कोण? टोपण काढायचं, पेट्रोल घालायचं, पाया पडायचं, परत लावायचं. लई भक्ती! आणि बोलणी खायाला सून!

खरवडू नका, तसंच ठिवा! मी सांगिटलं तर राजाबाई "चोमडी मेली" म्हणंल. तुमी सांगा, तुमी बाप्या माणूस, वर निपाणीचं. — न्हाय वो, मी रडतीया कुठं, पेट्रोलचा वास डोळ्यांत चढलाय. मी नांदायला गेलते तवा आठ दिसांत सासऱ्याचा बैल मेला. म्हातारा बैल, दात पडलेला, आज ना उद्या मरणारच हुता. पर ते बघायला कोण आलं? पायगुण माझा वाईट ठरला, भावानं परत आणलं ती अजून त्या भावाच्याच घरात हाय — तुमाला कशाला सांगालेय मी हे? पाना द्या त्यो हिकडं, गाळात पडंल.

नागू! ए नागू, उतर खाली. का म्हणून इचारू नको, ट्रंक ऱ्हाऊ दे, तू उतर आदी! — आली बघा राजाबाई, मागनं परशराम्याबी हाय. टोपण लावा घट्ट. इंजान चालू करा, पंप चांगला तापू दे, मग राजाबाईला जवळ बोलवा नि टोपण उघडा — त्यो हुस्स आवाज कानावर जाऊ दे तिच्या. आणि मेस्त्री, मी तुमाला काय बोलले न्हाय. मी धुणं धुवायला आलते. सरका बघू तिकडं.