पादचारी

शवागाराच्या खिडकीपुढे, भावाचा इस्त्रीचा शर्ट हातात घेऊन ती उभी होती. पुढचे दोघे कड्यावरून पॅराशूट लावून उड्या मारणारे, त्याचेच दोस्त. ते तिला ओळखत नव्हते.

"वारा उलटा होता. त्याला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? गेल्या महिन्यात कळलं, तेव्हा गुमान चालत खाली आला होता."

"आणि तू त्याला महिनाभर 'पादचारी' म्हणून चिडवलंस."

"तू काय कमी खिदळलास?"

"जाऊ दे. रविवारी येतोयस?"

"येतो. वारा उलटा असला तर चालत उतरेन."

"झालं! दुसरा पादचारी!"

दोघांनाही हसू फुटलं.

"मयताचं कोण?" खिडकीतून विचारणा झाली.

"मित्र."

"नातेवाईक लागतात."

"मी बहीण," ती मागून म्हणाली, "पादचाऱ्याची."