कृतिकाची मिनिटं

…नाही, पण मला एक सांगा, माझं चुकलं कुठे? म्हणजे चुकलं, ते मला माहीत आहे, माझ्या बायकोला माहीत आहे, आता तर नागपूरच्या एका अख्ख्या घराला माहीत आहे, पण सुरुवातीला, अगदी सुरुवातीला, माझं काय चुकलं होतं? तत्त्वाचा प्रश्न होता हो!

तुम्हाला सांगतो, आमच्या मराठी मंडळाची बास्केटबॉल लीग आहे. हसू नका! क्रिकेट सगळेच खेळतात, पण इथे कॅनडात बाहेर गुडघाभर बर्फ, क्रिकेट खेळायचं कुठे, फ्रीजमध्ये? म्हणून एटोबिकोच्या एका शाळेची जिम, दर रविवारी सकाळी अकराला, चार टीम, बायका-पुरुष एकत्र, आणि खेळायला अट एकच, की डॉक्टरने अजून नाही म्हटलेलं नसावं. त्यातल्या ओकव्हिलच्या टीमचा कॅप्टन मी, नंदन, वय एकोणपन्नास, उंची पाच फूट दहा, आणि गुडघे… गुडघ्यांचा विषय नको.

आता या लीगमध्ये टीव्हीवरच्यासारखा ड्राफ्ट असतो. नवीन माणसांची नावं बोर्डावर लिहायची आणि जी टीम गेल्या वर्षी शेवटची आली, तिने पहिलं नाव उचलायचं. आम्ही सलग तीन वर्षं शेवटचे, त्यामुळे पहिला नंबर आमचा! कॅनडात आल्यापासून कशात तरी पहिला नंबर आला, सुरेखाने, म्हणजे माझ्या बायकोने, शिरा केला होता.

ड्राफ्ट गंधारच्या बेसमेंटमध्ये होता. गंधार म्हणजे एटोबिकोचा कॅप्टन. मिसळ चालली होती, टीव्हीवर मोठ्या लीगची मॅच चालली होती, आणि त्यात एक रूकी, म्हणजे नवा खेळाडू, ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या नंबरने घेतलेला, बेंचवर बसून नखं खात होता. झालं! गंधारचा रस्सा उकळला. "अरे, एवढ्या वरच्या नंबरने काय टॉवेल द्यायला घेतला का त्याला? पहिल्या दिवसापासून खेळवा की! पडेल, आपटेल, शिकेल!" मी उठलो. हातात पाव होता, पण उठलो. म्हटलं, "गंधार, नंबर कागदावर असतो. कोर्टावरची मिनिटं कमवावी लागतात! आयती मिळाली तर त्यांची किंमत राहत नाही. जे बारा वर्षं तिथे घाम गाळतायत त्यांनी काय करायचं?" टाळ्या पडल्या हो. आणि टाळ्या फार वाईट. दुकानातून घेतलेला शर्ट परत करता येतो, टाळ्या घेतलेलं मत परत करता येत नाही.

आणि अर्ध्या तासाने बोर्डावर नाव लागलं, कृतिका. बावीस वर्षांची, नागपूरहून कॉलेजसाठी आलेली, संध्याकाळी ग्रोसरी स्टोअरमध्ये शेल्फं भरायची, उंची पाच फूट अकरा, तिकडे विद्यापीठाच्या टीमची कॅप्टन. मी तिला उचललं, सगळे "ओऽऽ" म्हणाले, मी कॉलर ताठ केली. मग पहिली प्रॅक्टिस झाली. आपण चहात साखर टाकतो ना, तशी ती बास्केटमध्ये बॉल टाकत होती. न बघता! एकीकडे दुसऱ्याशी बोलत! आणि मला घाम फुटला, कारण माझ्या लक्षात आलं की ही रिंगखाली खेळते, आणि रिंगखाली कोण खेळतं? मी खेळतो! पाचात सहावा बसतो का हो? एकाला उठावं लागतं.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "बेटा, तुझा खेळ छान आहे, पण नागपूरचं वेगळं, इथलं वेगळं. आधी बघ, सिस्टिम समजून घे. मिनिटं कमवावी लागतात." तर म्हणते कशी, "चालते न काका, काई प्रॉब्लेम नाही." अहो, भांडायचं ना! भांडणाऱ्याला बेंचवर बसवलं की माणसाला शांत झोप लागते. ही आपली हसून पाण्याच्या बाटल्या भरायला गेली. पण काय करणार? तत्त्वाचा प्रश्न होता!

पहिल्या रविवारी आम्ही बावीस पॉइंटने हरलो. कृतिकाची मिनिटं किती? शून्य. बरं, ती नुसती बसली असती तरी चाललं असतं, पण नाही, तिने नागपूरला बाबांना व्हिडिओ कॉल लावलेला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. बाबा म्हणजे कोण, तर ज्याने दहा वर्षं रोज पहाटे पाचला हिला स्कूटरवर बसवून ग्राउंडवर सोडलं, तो माणूस. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून अकरा जण समोर बसलेले, काका, मावशी, शेजारी, सगळे आमच्या लीगचा सामना बघायला! आणि ही बेंचवरून फोन धरून त्यांना मॅच दाखवतेय, जिच्यात ती नाही! मी टाइमआउटला पाणी प्यायला आलो तेव्हा ऐकलं, "बाबा, ते आमचे कॅप्टन. … नाही नाही, पडले नाहीत, बसले थोडे." मी घोटभर पाणी प्यायलो. पण म्हटलं, नंदन, डगमगायचं नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.

दुसऱ्या रविवारी ती चार मिनिटं खेळली. आठ पॉइंट! चार मिनिटांत! माझे गेल्या तीन सीझनचे मिळून अकरा आहेत. पाचव्या मिनिटाला मी परत आत गेलो. घरी येताना सुरेखाला म्हटलं, "बघितलंस? दिली की नाही संधी? तत्त्वाने चालतो मी." सुरेखा म्हणाली, "नंदन, तुझ्या पोटरीत गोळा आला म्हणून ती खेळली. तत्त्वाच्या पोटरीत गोळा येतो का?" मी रेडिओ लावला.

तिसऱ्या रविवारी पुन्हा हरलो, पुन्हा ती बेंचवर, आणि जाताना मी तिला कारमध्ये घेतलं, कारण ती ओकव्हिललाच राहते, आणि एवढ्या थंडीत पोरीला बससाठी उभं करायला मी काही राक्षस नाही. शेजारी कृतिका, मागे माझी लेक अनन्या, कानात हेडफोन. आणि कृतिका हळूच म्हणाली, "काका, मला कॉलेजकडून को-ऑप जॉब मिळाला, बर्नाबीला, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. बुधवारच्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी जातेय. म्हणजे पुढचा रविवार शेवटचा. बाबांना एकदा खेळून दाखवायचं होतं. ते इकडे येऊ नाही शकत न… एखादा क्वार्टर मिळेल का?"

एखादा क्वार्टर! दहा मिनिटं! तुम्ही काय म्हणाला असतात? "हो" म्हणाला असतात. कुणीही माणूस "हो" म्हणाला असता. आणि मी, तुम्हाला सांगतो, या तोंडाने काय म्हणालो? म्हणालो, "बेटा, नागपूरचा अनुभव चांगलाच आहे, पण त्याचं कसं आहे, इथल्या लीगचा अनुभव लागतो."

मागून आवाज आला. "बाबा." अनन्याने हेडफोन काढलेला. "दॅट्स लिटरली व्हॉट दॅट गाय सेड टू यू."

संपलं! अहो, ती गोष्ट मी वीस वर्षं प्रत्येक पार्टीत सांगतोय! मी पुण्याहून आलो, सहा वर्षं मशीन डिझाइन केलेला इंजिनिअर, आणि इंटरव्ह्यूत तो गोरा गोड हसून म्हणाला, "इंडियन एक्सपिरियन्स इज ग्रेट, नंदन, बट यू नीड कॅनेडियन एक्सपिरियन्स." आणि मग मी दोन वर्षं ब्रॅम्प्टनच्या वेअरहाउसमध्ये खोकी उचलली. पाठ गेली, ती अजून आलेली नाही. त्या माणसाला मी मराठीत, हिंदीत आणि इंग्लिशमध्ये शिव्या घातल्यात. अनन्याला ती गोष्ट झोपताना सांगितलीय! आणि आज तेच वाक्य, तेच गोड हसू, माझ्याच तोंडात. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की एक्झिट चुकलो आणि हॅमिल्टनच्या दिशेने निघालो. कृतिका बिचारी म्हणते, "काका, असू द्या, काई घाई नाही." तिला घाई नव्हती हो, तीन आठवडे घाई नव्हती, तेच तर माझ्या छातीवर बसलं होतं.

त्या आठवड्यात मी नीट जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव नव्हती. आणि रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर, गंधारसमोर, म्हटलं, "आज कृतिका स्टार्ट करणार. चाळीसच्या चाळीस मिनिटं. मी बसणार." गंधार म्हणाला, "का रे, तुझ्या तत्त्वाचं काय झालं?" म्हटलं, "तत्त्वाला रजा दिलीय." आणि आमच्याकडे पद्धतच पडलेली, जो बेंचवर, त्याच्या हातात फोन. तिने कॉल लावला, अकरा जण हजर, मला म्हणाली, "काका, असाच धरा फक्त." असाच धरा! एवढंच काम होतं. मी अंगठ्याने फोन घट्ट धरला, कारण म्हटलं, आता हा हलला तर त्या बापाला काय दिसेल?

आणि काय खेळली हो पोरगी! गंधारच्या टीमला तर ती दिसतच नव्हती, बॉल जाळीतून पडल्यावर कळायचं. मी उठून ओरडतोय, बसतोय, पुन्हा उठतोय, डोळ्यांतून पाणी, पण फोन समोर घट्ट! चष्मा बॅगेत होता, जवळचं मला धूसर दिसतं, पण स्क्रीनवर अकराचे अकरा जण हात हलवताना दिसत होते. एवढा उत्साह! मीही त्यांना हात हलवला. त्यांनी आणखी जोरात हलवले. मीही. आम्ही जिंकलो, तीन वर्षांत पहिल्यांदा जिंकलो, आणि मला वाटलं, नंदन, फिटलं. आता मान वर करून चालता येईल.

कृतिका धापा टाकत आली, फोन घेतला, बघितलं, आणि तिचा चेहरा… "काका, आवाज शून्यावर आहे. आणि कॅमेरा… तुमच्याकडे आहे."

"कधीपासून?"

तिने आवाज वाढवला. तिकडून बाबा अगदी नम्रपणे म्हणाले, "पहिल्यापासूनच जी. तुमचा अंगठा लागला असन. आम्ही हात करून करून सांगत होतो, तर तुम्हीही हात करत होते. मोठा माणूस, किती टोकायचं? पण काही बिघडलं नाही भाऊ. तुम्ही उठले की आम्हाला समजे, पोरीनं टाकला. चौदा वेळा पूर्ण उठले, अन फ्री थ्रोला तीन वेळा अर्धे. एकतीस झाले न तिचे?"

एकतीसच झाले होते! बापाने माझ्या उठाबशांवरून मोजले! ती हसत होती, ते हसत होते, हसता हसता दोघंही डोळे पुसत होते, आणि मी मध्ये उभा, जमीन दुभंगून पोटात घेईल का म्हणून बघत, पण शाळेच्या जिमची जमीन, पक्की लाकडी, ती कसली दुभंगतेय. "सॉरी" म्हटलं. सतरा वेळा म्हटलं. ती म्हणाली, "चालते न काका." आणि बुधवारी बर्नाबीला गेली.

बघा म्हणजे! तीन रविवार मी त्या पोरीची मिनिटं कोर्टावर खाल्ली, चौथ्या रविवारी तिला सगळी दिली, तर ती बेंचवर बसून खाल्ली. आणि या वेळी तर तत्त्वाचा प्रश्नसुद्धा नव्हता हो! आता नागपूरच्या त्या अकरा जणांनी कॅनडातला बास्केटबॉल म्हणून उभ्या आयुष्यात जे काही पाहिलंय ना… ते सगळं मीच आहे!