किल्ली मागायला कोण येतं

— नाही नाही, ती खुर्ची नको. तिथून माझी स्क्रीन दिसते. इकडे बसा, खिडकीपाशी. पिशवी राहू द्या खाली, कोणी नेत नाही. हं. आता मला नीट सांगा — तुम्ही चिपवाल्या कंपनीकडून आलात, मदतीला आलात, आणि आमच्या मोठ्या बाईंनी तुम्हाला सरळ माझ्या खोलीत पाठवलं, मला एका शब्दानं न विचारता. बरोबर? छे हो, मी कुठे काय म्हणतोय. मी कशाला म्हणू? कंपनी बाईंची, खोली त्यांची, टेबलावरचा हा चिपचा बोर्ड तुमचा — त्यात मेमरी सांभाळायचं काम तेवढं माझं. तेही दुपारपर्यंतच, असं दिसतंय. दुपारी बाई बोर्ड बघायला येणार, तो असाच रखडत चालला तर माझं काम काढून तुमच्या लोकांना देणार. तुम्हाला ठाऊक नव्हतं? अहो मॅडम, खाली दारावरच्या वॉचमनला ठाऊक आहे!

रखडतो का, म्हणता? तुम्हाला खरंच माहीत नाही? बरं. माहीत नाही असं धरून सांगतो, बघू तरी तुम्ही कुठे मान डोलावता. हे बघा, प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं की अख्खं घर आपलंच आहे. आम्हीच तसं वाटू देतो. खरं म्हणजे जागा एवढीशी आणि बिऱ्हाडं ढीगभर. मग जे सामान कोणी वापरत नाही ते गुपचूप माळ्यावर टाकायचं — माळा म्हणजे डिस्क — आणि कोणी मागितलं की खाली काढून द्यायचं. सगळी मेख एकच — कोण काय वापरतंय ते कळायचं कसं? जुन्या मशीनवर त्रास नव्हता. मेमरीच्या एखाद्या पानाला, म्हणजे तुकड्याला, कोणाचा हात लागला की मशीन स्वतः त्या पानावर खूण करायचं. आम्ही सारखी फेरी मारायचो, खुणा पुसायचो, आणि पुढच्या फेरीला ज्या पानावर खूण नसेल ते माळ्यावर. सगळं फुकटात. तुमची चिप मात्र — राग मानू नका हं — तुमची चिप मूग गिळून बसते. कोण आलं, कोण गेलं, ब्र काढत नाही.

मग मी काय केलं? मी कुलपं लावली. पान जागच्या जागी असतं, पण मी मशीनला सांगून ठेवतो की नाहीये. ज्याला ते हवं असतं तो अडखळतो, आणि माझ्याकडे किल्ली मागायला येतो. आला की मला कळलं, हां, हे पान वापरात आहे. कुलूप काढायचं, जाऊ द्यायचं. पुढच्या फेरीला परत कुलूप. डोकं चालवलं की नाही? — का? मान का हलवलीत? नाही, हलवलीत. मी बघतोय ना. ‘परत कुलूप’ म्हटलं आणि हलवलीत.

लंबूनं पाठवलंय तुम्हाला. आता साळसूदपणे ‘कोण लंबू’ विचारू नका. मूळ डिझाइन ज्यानं माझ्याबरोबर केलं तो, ह्याच खोलीत, ह्याच टेबलाच्या पलीकडे बसून. आता तुमच्या कंपनीत आहे. ओळखत नाही? मग फोन पालथा का घातलाय? ... बघा. बघा! ऑफिसात तुमच्या शेजारीच बसतो म्हणे. आणि ‘माझं नाव सांगू नका’ म्हणाला? का बरं? नाव सांगितलं असतं तर मी काय तुम्हाला जिन्यावरून ढकललं असतं? हां, कदाचित दार उघडलं नसतं. तो ओळखून आहे मला.

कसा आहे तो? नाही, सहज विचारलं. ... वजन वाढलं? त्याचं? काहीतरीच काय.

तो इथून का गेला, ते त्यानं सांगितलंच असेल तुम्हाला, त्याच्या बाजूनं. माझी बाजू ऐका. माझ्या भागात कोणीतरी हात घालतंय असं मला वाटत होतं. आता विचारून कोण खरं सांगतं? म्हणून मी आजारी पडलो. म्हणजे — पडलो असं कळवलं. घरी बसलो, फोन घेतले नाहीत, म्हटलं बघू या आता, आपण नसताना कोण काय करतं. आणि परत येऊन बघतो तर काय, माझ्या भागात लंबूनं बदल केलेला! सापडला ना? हो, हो, गिऱ्हाइकाकडे मशीन बंद पडलं होतं. हो, दुरुस्तच केलं त्यानं. पण मला न विचारता! — फोन केले म्हणे. घरी येऊन दार वाजवलं म्हणे. वाजवलं, त्यात खोटं नाही, मी पडद्याआडून पाहिलं की — हातात फळांची पिशवी, बराच वेळ उभा होता बिचारा, मग पिशवी कडीला अडकवून गेला. पण ते सोडा. मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की त्यानंतर त्याची ओळन् ओळ मी तपासायला लागलो. काल नीट केलं म्हणून आजही नीट करेल कशावरून? एक दिवस म्हणाला, ‘अरे, तू मला रोज सकाळी नव्यानं नोकरीवर ठेवतोस.’ हसत म्हणाला. मीही हसलो. महिनाअखेरीला गेला. आतल्या गाठीचा माणूस, दुसरं काय.

बरं, काय निरोप आहे त्याचा? बोला. ... फेरीच मारू नका? म्हणजे काय? ... जागा कमी पडायला लागली की मगच कुलपं लावा, आणि तोवर सगळं उघडं टाका? वा! काय पण सल्ला आहे! सगळं उघडं टाकायचं, मग दुपारी बाईंसमोर बोर्ड तोंडावर आपटणार, आणि काम अलगद तुमच्या पदरात. मला काय दूधखुळा समजता? ... करून बघा? बघतो की. तुमच्यासमोरच बघतो, म्हणजे नंतर म्हणायला नको. सरका जरा. हे इथलं काढलं... हे इथे टाकलं... चालू.

...

हे काय? इतकं पळतंय? नाही, काहीतरी गडबड आहे. कुठेतरी पाणी मुरतंय. थांबा, सगळे प्रोग्रॅम एकदम उघडतो, जागा संपू दे, म्हणजे कळेल. ... संपत आली... लागली. कुलपं लागली. आणि माळ्यावर काय गेलं? — जे जायचं तेच गेलं. बरोबर तेच. अरे देवा! जुन्या मशीनवर फेरी फुकट होती हो, म्हणून सारखी मारायचो. तीच सवय उचलून इथे आणली, आणि इथे प्रत्येक फेरीला अख्ख्या बिऱ्हाडाला मी दारात उभं करत होतो. ह्या बोर्डवर एरवी मोकळ्या जागेला तोटा नाही, कोणाला बाहेर काढायचं नाही, तरी आपलं किल्ली मागा, किल्ली मागा. मॅडम, लाज वाटली हो मला. काय हे!

येऊ दे बाईंना. आता येऊ दे. काम कुठे जात नाही माझं.

— माझा फोन वाजतोय. लंबूच आहे, बघा, ‘लंबू’ असंच नाव आहे अजून. नाही नाही, उचलत नाही. माझी पद्धत आहे ती. पहिल्यांदा उचलायचा नाही. ज्याला खरंच बोलायचं असतं तो परत करतो. लंबूला माहीत आहे, त्याला सांगायला नको. ... थांबला. बसा, निघू नका. आता परत वाजेल. आधी ‘चाललं’ म्हणून सांगतो. आभारबिभार मानणार नाही, तसं आमच्यात नाही. म्हणेन, ये की संध्याकाळी, तुला जिना चढवतो का ते बघू, वजन वाढलंय म्हणे. ... रेंज आहे ना इथे? आहे. दांड्या तर दिसतायत. ... वाजेल हो. सवड काढून करेल.

तुमचा वाजतोय.

त्याचाच ना? उचला. सांगा, चाललं म्हणून. ... सांगितलंत? खूश झाला? ... आणि माझं? माझं काही विचारलं? ... काय म्हणाला? ‘एकदा करून पाहिला’ — हां, मग? ... मग काय? एकदाच? परत करतो नाही म्हणाला? ... नाही, मला नको फोन. मी काय बोलू. ... ठेवलाच का त्यानं.

मीच करू म्हणता? मी?

बाई यायची वेळ झाली, मॅडम. निघा तुम्ही. पिशवी राहिली तुमची, ती घ्या. आणि दार ओढून घ्या.