पिंपातली वाळू

(अळणावरजवळचं एक गाव, २००८. हिराबाईंची ओसरी.)

सुधींद्र : ते पाणी नको, हिराक्का. तांब्या ठेवा खाली.

हिराबाई : का हो सर? तुमच्याच पिंपातलं हाय. दोन वर्सं झाली बसवून, सारा गाव तेच पितोय.

सुधींद्र : म्हणूनच आलोय. सकाळी शाळेजवळच्या पिंपाचं पाणी तपासलं. त्यात सोमल आहे, आर्सेनिकचं विष. बोअरमध्ये होता तेवढाच.

हिराबाई : तुमची ती नॅनो वाळू धरून ठेवती म्हणालता की.

सुधींद्र : धरते. तिच्यावर लोखंडाचे कण आहेत, डोळ्याला न दिसणारे. सोमल त्यांना चिकटतो. पण कण भरले, की पाणी तसंच खाली उतरतं. दर सहा महिन्यांनी वाळू बदलायला हवी होती.

हिराबाई : कुणी?

सुधींद्र : मी.

हिराबाई : आमचा ल्योक राजू आलता की विद्यानगरला, तुमच्या कॉलेजात, पिंपाचं इचारायला. दोन डाव. सर न्हाईत म्हणून परत पाठवला त्याला.

सुधींद्र : आतच होतो मी. शिपायाला मीच सांगितलं, नाही म्हण.

हिराबाई : अय्यो! आमचं काय चुकलं होतं?

सुधींद्र : तुमचं काही नाही. माझा प्रबंध झाला, प्रकल्प बंद पडला, वाळू करायला काही उरलं नाही. रिकाम्या हातानं राजूसमोर यायची लाज वाटली.

हिराबाई : रिकाम्या हातानं येऊन 'पिऊ नका' एवढं म्हणायचं. तेवढं पुरलं असतं. ओढ्यापल्याडची विहीर होती आमची. मग आजच कसे आलात?

सुधींद्र : कलघटगीकडची माणसं आली होती. हिराक्कांच्या गावासारखं पिंप आम्हालाही द्या म्हणाली. रात्रभर झोप नाही.

हिराबाई : योगिताला, आमच्या सुनेला, सातवा लागलाय. विहिरीचं आणते म्हणत होती. मीच अंगावर गेले तिच्या. सरांचं पाणी सोडून कुठं जातीस, म्हटलं.

सुधींद्र : उद्याच तिला हुबळीला नेऊ. डॉक्टरांना मी सगळं सांगतो.

हिराबाई : नेऊ. पर आधी देवळापुढं चला. बाया भजनाला जमल्यात.

सुधींद्र : तुम्ही सांगाल का त्यांना? तुमचं ऐकतात.

हिराबाई : न्हाई. प्या म्हणून घरोघर मीच सांगत फिरले. आता तुमी सांगा. राजूला परत धाडलं, ते बी सांगा.

सुधींद्र : तेही?

हिराबाई : ते बी. आन् मान वर करून बोला, सर. मागच्यांना ऐकू येत न्हाई.