पदराचं इंग्रजी

— न्हाई रे छगन, आत नको जाऊ आत्ता, जरा डोळा लागलाय सरांचा, इथं वट्यावरच बस माज्यापाशी. मेळाव्याचं सांगायला आलास व्हय? तुमची दहावीची बॅच जमनार, सरांना ही शाल देनार, चार शब्द बोला म्हननार — लई चांगलं केलंस बाबा, पन आता कशाचे चार शब्द? तुला कुनी सांगितलं न्हाई वाटतं. अरे, पोळ्याच्या आदल्या दिवशी उजवं अंग गेलं ह्यांचं, आन् त्याच्यासंगट वाचाबी गेली. पानी पायजे तर नुसतं आं आं करत्यात. ज्या मानसानं जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं, त्याला घोटभर पानी मागता येत न्हाई, आन् बायकू म्हनून मी नुसती बघत बसते. लई वाईट वाटतं रे.

ती पिशवी आठवती का तुला? व्हय, तीच — जुन्या कपड्यांची! टोपी, पट्टा, बिनबंदाचा बूट, कारखान्यातल्या कुनाचा तरी एक हातमोजा. वर्गात एकेक वस्तू वर धरायचे आन् तुमी तिच्यावरचं इंग्रजी म्हनायचं — पट्टा धरला की टायटन युवर बेल्ट, म्हंजी खर्चाला आवर घाला. मला कसं ठावं? अरे, उद्याचा तास आधी माज्यापुढं व्हायचा! मी भाकरी थापतीय आन् हे चुलीपाशी टोपी धरून उभे — "म्हन साळू." फेदर इन युवर कॅप, म्हंजी शिरपेचात तुरा! मला इंग्रजी अक्षर येत न्हाई, पन कपडं तर वळखते की. हसू यायचं, टोपीला पीठ लागायचं — तर काय सांगत हुते? हां, नगरच्या डॉक्टरीनबाई म्हनल्या, त्यांच्या रोजच्या वस्तू दाखवा, बोलतं करा. मी माळ्यावरून पिशवी काढली, टोपी धरली पुढं — आन् छगन, खोटं न्हाई सांगत, हे खनखनीत बोलले, "फेदर इन युवर कॅप!" पट्टा धरला, पट्ट्याचं बोलले. बूट धरला — दुसऱ्याच्या बुटात पाय घालून बघा, तेबी बोलले. बाई म्हनल्या, घोकून पाठ झालेलं तेवढं राहतं, त्याचा भरवसा धरू नका. पन मी येडी, गल्लीभर पेढे वाटले. वाटलं, आज टोपी, उद्या पानी, परवा साळू. न्हाई आलं. पानी न्हाई, साळू न्हाई.

मग एक दिवस मी ह्यांच्या निरोप समारंभातली साडी नेसले. तू हुतास का तवा? दोघांना खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसवलं हुतं — ह्यांना पोशाख, मला साडीचोळी. ती हिरवी नेसून पुढं गेले आन् पदर धरला, टोपी धरते तसा. म्हनलं, म्हना आता. पदर बघितला, मला बघितलं. मग डाव्या हातानं पिशवी वढली आन् एकेक काढून बघायला लागले — टोपी, बूट, मोजा, परत टोपी — पदराचं त्यात काय सापडंना. सापडंना म्हनून रडले रे, ल्हान पोरावानी. मी पदरानंच डोळं पुसलं त्यांचं. तवापासनं पिशवी उशाशी असती त्यांच्या, आन् ती साडी ट्रंकेत.

तू सुप्याच्या कंपनीत सायब झालास, दिवसभर इंग्रजी बोलतोस, मग खरं सांग — पदराचं त्या भाषेत काहीच न्हाई? त्यांच्या बायका नेसतच न्हाईत म्हना, कुठून असायचं! पन तू रच की एखादं. ल्हानसंच रच, माजं नाव घाल त्यात. मी रोज म्हनून दाखवीन, पदर धरून दाखवीन, हुईल की पाठ त्यांना कवातरी. मरायच्या आधी एकदा नाव ऐकायचंय रे मला त्यांच्या तोंडून, दुसरं काय न्हाई. सांग की, येतंय का —

थांब. गप. आत बोलले काहीतरी. ऐक —

न्हाई. टोपीचंच हाय.

जा तू आता. शाल राहू दे वट्यावर.