अर्पिताने केलेली नक्कल

हसनाबादहून जालन्याला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दुर्गाबाई आणि कमरबी या दोन शेजारणी बसल्या होत्या. खिडकीतून ऊन आत सांडत होते आणि त्यांचे बोलणे त्याहून मोकळे होते.

"कमरबी, पोरीशी मी बोलणंच टाकलं. पुण्यात एवढ्या लोकांपुढं माझी नक्कल केली तिनं!"

"अर्पितानं? कशाची नक्कल?"

"सिरीयल पाहताना मी टीव्हीशी भांडते, त्याची."

"भांडतीच की तू! मला भिंतीपलीकडून ऐकू येतं."

"मंग काय करू? ती सासू सगळ्यांदेखत दुधात विष कालवून राह्यली, अन् घरात एकालाबी दिसंना!"

"अन् झोपताना भी नथ काढत न्हाईत त्या बाया."

"तेच की! पण हे स्टँडअप तरी काय? ना पडदा, ना पेटी. एकटीनं उभं राहायचं, मधूनच पाणी प्यायचं अन् आईची अब्रू काढायची."

"लोक हसले का?"

"एक बाई तर खुर्चीवरून घसरली."

"अन् तू?"

"मी रागात व्हते."

"दुर्गे, खरं सांग."

"हसले. मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाह्यलं."

"मंग लाव फोन. जल्दी!"

फोन लागला.

"अर्पिता, राग बिलकुल गेला न्हाई माझा. पण माझ्यावर बोललीस तेवढं बस झालं. आता तुझ्या बापाचं ऐक. सिरीयलमधली सून मेली, तवा ते गोठ्यात जाऊन रडत व्हते. मी विचारलं, तर म्हणले, म्हशीची शेपटी डोळ्यात गेली!"